बीज सुटायला म्हशीला देतेत तेच हार्मोन पोरीची पाळी थांबवायला? हे कसं काय?

औशाचा_दूधवाला

राम राम मंडळी. एक गोष्ट डोक्यात बसंना झालीय म्हणून विचारायलोय, कोणी पशुवैद्य किंवा डॉक्टर असतील तर सांगा, पण सोप्या भाषेत सांगा, मी बारावी आर्ट्स हाय.

आमच्याकडं म्हशी हायत. त्यातली एक सारखी उलटायली. माज दाखवती, सोट (चिकट स्राव) टाकती, डॉक्टर येऊन भरवून (रेतन करून) जातेत अन् वीस-एकवीस दिवस झाले की परत वरडायला चालू. ह्या टायमाला डॉक्टरनी भरवताना एक इंजेक्शन दिलं, बाटलीवर बुसेरेलिन लिहिलेलं. म्हनले हे मेंदूतल्या हार्मोनची नक्कल असतीय, ह्याच्यानं बीज टायमावर सुटतंय. ठीक हाय म्हनलं.

आता दुसरी गोष्ट. माझी बहीण संभाजीनगरला असती, तिची पोरगी साडेसात वर्षाची. छाती वाढायली, उंची एकदम झपाट्यानं वाढली, बहीण घाबरून हार्मोनच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी हाताचा एक्सरे, रक्त, मेंदूचा एमआरआय सगळं केलं अन् म्हनले पोरगी लवकर वयात यायलीय, ते थांबवायला दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागंल. ल्युप्रोलाइड. मी आपलं मोबाईलवर बघितलं तर हे बी मेंदूतल्या त्याच हार्मोनची, जीएनआरएच म्हनतेत त्याची, नक्कल निघालं! म्हंजे म्हशीला चालू करायला अन् पोरीला बंद करायला औषध एकाच जातीचं? दाजी म्हनायलेत डॉक्टरला काही कळंना झालंय, दुसरीकडं दाखवू, आई म्हनती जनावराचं औषध लेकराला कामून, अन् बहीण तर नुसती रडायली. नेमकं काय हाय हे?

नांदेडचा_मास्तर

दादा, मी कॉलेजवर प्राणीशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न माझ्या बीएस्सीच्या पोरांनी विचारायला पाहिजे होता, ते विचारत नाहीत. औषध एकाच घराण्यातलं आहे हे तुमचं बरोबर आणि दोन्ही डॉक्टरांचं पण बरोबर. सगळा खेळ ते औषध अंगात किती वेळ राहतं ह्याचा आहे.

मेंदूच्या तळाला हायपोथॅलॅमस म्हणून भाग असतो आणि त्याच्या खाली पिट्युटरी ग्रंथी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. हायपोथॅलॅमसमध्ये जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी माणसात हजार-दोन हजारच्या आसपास, म्हणजे अब्जावधी पेशींच्या मेंदूत फक्त एवढ्या, आणि वयात येणं, पाळी, बीज सुटणं, पुरुषात शुक्राणू तयार होणं हा सगळा कारभार त्यांच्या हातात. ह्या पेशी दहा अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू सोडतात, तो बारीक रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून थेट पिट्युटरीत उतरतो आणि मग पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही तिची दोन हार्मोन रक्तात सोडते, ते खाली अंडाशयापर्यंत जातात. जीएनआरएच स्वतः दोन-चार मिनिटात मोडून जातं म्हणून हाताच्या रक्तात ते मोजत बसत नाहीत, तुमच्या भाचीचं पण एलएचच बघितलं असणार.

आता मेन गोष्ट. मेंदू हे हार्मोन सलग सोडत नाही, थांबून थांबून झटक्याने सोडतो. पाळी होऊन गेल्यावर बीज वाढायच्या दिवसात साधारण तास-दीड तासाला एक झटका, बीज सुटल्यावर अंडाशयाचं प्रोजेस्टेरॉन हार्मोन वाढलं की तेच तीन-चार तासावर जातं. झटके जवळजवळ आले तर पिट्युटरी एलएच जास्त सोडते, लांबलांब आले तर एफएसएच कडे झुकते. रेणू एकच, नुसता वेळ बदलून दोन वेगळे हुकूम! मला तर दरवर्षी शिकवताना पण हे भारी वाटतं.

हे कसं कळलं तर अर्न्स्ट क्नोबिल म्हणून अमेरिकेतला शास्त्रज्ञ होता, पिट्सबर्गला. १९७८ साली त्याच्या टीमने काय केलं, ऱ्हीसस माकडिणींच्या मेंदूतला तो भागच निकामी केला म्हणजे त्यांचं स्वतःचं जीएनआरएच बंद, आणि मग बाहेरून पंपाने द्यायला लागले. तासातली सहा मिनिटं दिलं की एलएच-एफएसएच व्यवस्थित. तेच सलग चालू ठेवलं तर वाढायचं सोडून दोन्ही खाली बसले. परत तासाला सहा मिनिटांवर आणलं तर परत वर आले. पिट्युटरीच्या पेशींवर जीएनआरएच पकडायचे रिसेप्टर असतात, हार्मोन समोरून हटेचना म्हटल्यावर पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेतात आणि ऐकणं बंद करतात.

तुमच्या भाचीचं इंजेक्शन असंच सलग काम करणारं आहे, महिनाभर थोडं थोडं सुटत राहतं म्हणून पिट्युटरी गप्प. म्हशीला दिलेला डोस आजच्या आज येऊन जातो, तो एक मोठा झटकाच झाला.

(जाता जाता, हा रेणू १९७१ ला सापडला आणि तेवढ्यासाठी अँड्र्यू शॅलीच्या लॅबमध्ये लाखाहून जास्त डुकरांचे हायपोथॅलॅमस वाटून काढले होते. १९७७ च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा शॅली आणि रॉजर गिलेमिन ह्यांना मिळाला, दोघांचं आपसात अजिबात पटायचं नाही.)

औशाचा_दूधवाला

सर लई उपकार. म्हंजे सप्त्याच्या भोंग्यासारखं म्हना की. पहाटं काकड्याला एकदाच वाजला तर सगळी गल्ली उठती, सात दिवस रात्रंदिवस चालू राहिला की मानूस त्याच्याखालीच घोरतो 😄 दाजीला हेच सांगतो. पण आईचं काय, जनावराचं औषध म्हनून बसलीय.

पशुवैद्य_हिंगोली

भोंग्याचं आवडलं, आता मी पण असंच सांगत जाईन 😂

मावशींना सांगा, म्हशीचं जीएनआरएच, गाईचं, शेळीचं आणि बाईचं, दहाच्या दहा अमिनो आम्लं तीच आहेत. त्यामुळं जनावराचं असं वेगळं काही नाही. बुसेरेलिन आणि ल्युप्रोलाइड दोन्ही त्याच रेणूत थोडा बदल करून बनवलेत, मोडायला जड जावं म्हणून. फक्त आम्ही देतो ते साधं पाण्यासारखं, मायक्रोग्रॅममधी, एका टायमाला १० मायक्रोग्रॅम. दोनेक तासात एलएच एकदम उसळतं, काही तासात खाली येतं, आणि त्याच्यावर एक-सव्वा दिवसात बीज फुटतं. लेकरांना देतात ते डेपो असतं, औषध बारीक कणात अडकवलेलं.

पण दादा तुमच्या म्हशीबद्दल दोन शब्द बोलतो कारण आमच्याकडं रोज हीच ओरड. उलटणाऱ्या प्रत्येक जनावराला हे इंजेक्शन चालत नाही. आधी सोट बघा. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा असला तर ठीक, त्यात पांढरे-पिवळे तुकडे किंवा गढूळपणा असला तर गर्भाशयात इन्फेक्शन आहे, तिथं मेंदूचं हार्मोन देऊन काय उपयोग, आधी ते साफ करावं लागतं. दुसरं, भरवायची वेळ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. लोक काय करतेत, सकाळी सहाला माज दिसला की सात वाजता फोन, आणि डॉक्टर पण मोकळा असला की येऊन भरवून जातो (आमच्यातले पण कमी नाहीत).

आणि म्हैस ही मुळात दिवस लहान होत गेले की माजावर येणारी जात. अंधार वाढला की मेंदूत मेलाटोनिन जास्त वेळ सुटतं, तिथून हायपोथॅलॅमसला खबर जाते. म्हणून पावसाळा सरता सरता ते थंडीपर्यंत माज चांगला दिसतो आणि आपल्या उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीत, मुका माज. बीज सुटतं पण म्हैस ओरडत नाही काही नाही, दाखवलं तरी रात्री नाहीतर पहाटे दाखवते, तेव्हा मालक झोपलेला. उन्हाळ्यात दुपारी डुंबायला सोडा नाहीतर अंगावर पाणी मारा, ओलं बारदान टाका, आणि पहाटे एक चक्कर गोठ्यात मारा बस.

खाणं पण बघा. व्याल्यावर दूध निघतंय तेवढं पोटात जात नसलं, नुसत्या कडब्यावर असली, तर मेंदूच ते झटके कमी करून टाकतो. अंगात ताकद नाही तर पिल्लू कशाला, असा त्याचा हिशोब. शेपटीचं माकड हाड वर आलेल्या म्हशीला कितीबी इंजेक्शनं टोचा. सरकी पेंड, मिनरल मिक्श्चर, जमलं तर हिरवं, हे आधी.

परतूरचा_राजा

डॉक्टर मग ते पान्ह्याचं इंजेक्शन बी हेच का? आमच्या बाजूला एकजण रोज दोन्ही टायमाला टोचतो, बिनलेबलच्या बाटलीतून

पशुवैद्य_हिंगोली

नाही ओ, ते ऑक्सिटोसिन. ते पण हायपोथॅलॅमसमध्येच बनतं पण त्याचा रस्ता वेगळा, मज्जातंतूतून सरळ पिट्युटरीच्या मागच्या भागात येतं आणि तिथून रक्तात. वासरानं कासेला ढुसणी दिली, नुसता बादलीचा आवाज आला तरी जनावराचा मेंदू ते सोडतो, म्हणून तर पान्हा येतो. रोज टोचल्यावर जनावर त्याच्याशिवाय दूधच सोडत नाही. आणि दूध काढायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं काही टोचणं हा कायद्यानं गुन्हा आहे, शेजाऱ्याला सांगा.

लातूर_नीट_रिपीटर

नांदेडच्या सरांना प्रश्न. सर एनसीईआरटी मध्ये फीडबॅक दिलाय की इस्ट्रोजेन वाढलं की ते वर जाऊन जीएनआरएच आणि एलएच दाबतं, निगेटिव्ह फीडबॅक. मग पाळीच्या सायकलच्या मधोमध इस्ट्रोजेन सगळ्यात जास्त असतं तेव्हाच एलएच सर्ज (एकदम उसळी) कसा येतो? क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले परीक्षेत एवढं विचारत नाहीत पाठ करून टाक.

आणि एक पर्सनल नाही पण तसंच, आमच्या होस्टेलवर कितीतरी मुलींची दोन-दोन तीन-तीन महिने पाळी येत नाही, सगळ्याजणी टेन्शन टेन्शन म्हणतात, ते पण ह्याच्यातच येतं का?

नांदेडचा_मास्तर

पाठ करून टाक हे उत्तर ऐकून वाईट वाटलं. बेटा, इस्ट्रोजेन थोडं असताना दाबतं हे खरं, पण पिकलेल्या फॉलिकलमधून (अंडाशयातली बीजाची पिशवी) ते भरपूर, आणि साधारण दोन दिवस सलग भरपूर आलं की त्याचा परिणाम उलटा फिरतो. तेव्हा पिट्युटरी पण जीएनआरएचला जास्त दाद द्यायला लागते आणि एलएच एकदम उसळतं, त्या उसळीला सुरुवात झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासात बीज सुटतं. म्हणजे बीज पिकल्याची बातमी अंडाशय स्वतः वर पाठवतं, तारीख मेंदू ठरवत नाही. पाळी पुढेमागे होते त्याचं एक कारण हेच.

गंमत अशी की जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखायचा जो मुख्य रिसेप्टर लागतो तोच नसतो, मग त्यांना कळतं कसं हा प्रश्न बरीच वर्षं अडकून होता. २००३ मध्ये किसपेप्टिन ह्या मेंदूतल्या निरोप देणाऱ्या रेणूचं काम पुढे आलं. ज्या घराण्यांत मुलं वयातच येत नव्हती त्यांच्यात किसपेप्टिन पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जीनमध्ये बिघाड सापडला. आता असं समजतात की इस्ट्रोजेन, चरबी, ताण, भूक ह्या सगळ्या बातम्या आधी किसपेप्टिनच्या पेशींकडे येतात आणि त्या पुढे जीएनआरएचला हलवतात. त्याच किसपेप्टिनच्या पेशी न्यूरोकायनिन बी नावाच्या रेणूने एकमेकींना चालू करतात आणि डायनॉर्फिन नावाच्या दुसऱ्या रेणूने गप्प करतात, त्या चालू-बंद मधूनच तो तासाचा झटका तयार होतो. नीटला हे येणार नाही पण माहीत असलेलं बरं.

होस्टेलचं. हो, येतं ह्याच्यातच. मेस आवडत नाही म्हणून अर्धपोटी, झोप चार-पाच तास, वर टेस्ट सिरीज, वजन उतरलेलं. चरबी कमी झाली की चरबीतून येणारं लेप्टिन हार्मोन कमी, ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं, हे दोन्ही मिळून झटके मंदावतात, एलएच येत नाही, बीज पिकत नाही, पाळी नाही. पण सगळ्यांना टेन्शनचं लेबल लावून मोकळं होऊ नका. पीसीओएस ह्या अंडाशयाच्या हार्मोनच्या आजारात गाडी उलटी असते, झटके जास्त भरभर, एलएच चढलेलं. थायरॉईड असू शकतं, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) वाढलेलं असू शकतं. नेहमी नीट येणारी पाळी तीन महिने आली नाही तर सरळ डॉक्टरकडे जायचं, होस्टेलच्या मावशींच्या काढ्यावर थांबायचं नाही.

जालन्याची_आई

दूधवाले दादा, माझ्या मुलीचं हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहिते. तिला सात वर्षं व्हायच्या आतच सुरू झालं होतं, आम्ही पण असेच हादरलो होतो, नातेवाईकांनी तर चिकन खाऊ घातलं म्हणून झालं, मोबाईल बघून झालं, काय काय ऐकवलं. बहिणीला सांगा तिची काही चूक नाही, बऱ्याचशा मुलींमध्ये कारण काही सापडतच नाही.

आमच्या मॅडमनी समजावलं ते असं, की मुलीत आठ वर्षांच्या आधी आणि मुलात नऊच्या आधी सुरू झालं तर त्याला लवकर म्हणतात. आत्ता उंच दिसते म्हणून लोक कौतुक करतात पण हार्मोनमुळे हाडांची टोकं लवकर जुळून जातात आणि मग वाढच थांबते, मोठी झाल्यावर बुटकी राहते. हाताचा एक्सरे त्याच्यासाठी असतो, हाडाचं वय बघायला. आमचीचं हाडाचं वय बरंच पुढे निघालं होतं. एमआरआय करतात ते मेंदूत गाठ वगैरे नाही ना बघायला, ते बघून नाही निघालं तर निम्मं टेन्शन जातं.

एक सांगून ठेवते कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या इंजेक्शननंतर सुरुवातीच्या दिवसात थोडं रक्त दिसू शकतं. मी रात्री अकराला रडत फोन केला होता. आणि तारीख चुकवायची नाही, लग्न असो की सोयाबीन काढणी असो. तीन महिन्यांचं पण मिळतं, ये-जा जमत नसेल तर विचारा.

नांदेडचा_मास्तर

ताईंनी लिहिलेलं रक्ताचं कारण सांगतो. डेपो टोचल्यावर पिट्युटरी लगेच गप्प होत नाही, रिसेप्टर आत जायला वेळ लागतो, तोपर्यंत पहिले काही दिवस उलट एलएच वाढतं आणि त्याच्यासोबत इस्ट्रोजेन. मग दोन-तीन आठवड्यांत सगळं खाली येतं, आणि इस्ट्रोजेन उतरलं की गर्भाशयाचं जे अस्तर तयार झालेलं असतं ते पडतं. म्हणजे तुमच्या म्हशीला जो परिणाम पाहिजे होता तोच मुलीत चार दिवस दिसून जातो.

औशाचा_दूधवाला

ताई तुमचं वाचून बहिणीला फोनच लावला, तिला वाचून दाखवलं. जरा शांत झाली. आता एकच राहिलं, हे बंद केल्यावर पुढं तिला पाळी येईल ना? लेकरं-बाळं? दाजीचा खरा घोर तिथंच हाय, बोलून दाखवंना झालेत.

जालन्याची_आई

येते. माझ्या मुलीचं अकराच्या आसपास बंद केलं आणि वर्षभराने तिला पाळी आली, आता तिच्या मैत्रिणींसारखीच आहे. मॅडम म्हणाल्या होत्या साधारण वर्ष-दीड वर्षात येते.

नांदेडचा_मास्तर

दाजींना क्नोबिलच्या टीमचाच दुसरा प्रयोग सांगा, १९८० चा. त्यांनी वयात न आलेल्या लहान माकडिणी घेतल्या आणि त्यांना तासाला एक असे जीएनआरएचचे झटके दिले तर त्यांना चक्क सायकल सुरू झाली, बीज सुटायला लागलं. पंप बंद केला तर परत पहिल्यासारख्या लहान. म्हणजे अंडाशय आणि पिट्युटरी लहानपणी पण तयारच असतात, वरून झटके येत नसतात एवढंच. माणसाच्या बाळात तर जन्मल्यावर पहिले काही महिने हे हार्मोन चांगलेच चालू असतात, मग मेंदू ब्रेक लावतो आणि पुढे कितीतरी वर्षांनी तो सोडतो, तेव्हा पण झटके पहिल्यांदा रात्री झोपेत येतात. भाचीचा तो ब्रेक लवकर सुटला, इंजेक्शनने तो थोडी वर्षं बाहेरून लावून ठेवायचा. आत कुठं काही जाळून टाकलेलं नसतं. मोठ्या झालेल्या अशा मुलींना मुलं झालेली आहेत.

सेलूची_सूनबाई

विषय निघालाच आहे तर मी पण विचारून घेते, सासूबाई म्हणतात बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत. माझं बाळ आठ महिन्यांचं. खरं आहे का हे?

पशुवैद्य_हिंगोली

ह्याच्यात म्हशीचं मी सांगू शकतो 😄 रेडकू सारखं कासेला असलं की म्हैस उशिरा माजावर येते हे खरं आहे, चोखण्यानं मेंदूतले झटके दबतात. तुमचं मास्तरांना विचारा.

नांदेडचा_मास्तर

ताई, सासूबाईंचं अर्धं खरं. बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं आणि जीएनआरएचचे झटके मंदावतात, म्हणून पाळी लांबते. पण ह्याच्यावर भरवसा ठेवायचा तर तिन्ही गोष्टी एकदम पाहिजेत, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काहीही न देता दिवस-रात्र फक्त अंगावर, आणि पाळी परत सुरू न झालेली. तुमचं आठ महिन्यांचं आहे, वरणभात पण सुरू केला असेल. आणि पहिली पाळी दिसायच्या आधीच बीज सुटून गेलेलं असू शकतं, तेव्हा पाळी येईपर्यंत वाट बघू असं करू नका, ह्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात नाहीतर तुमच्या डॉक्टरकडे जाऊन अंगावर पाजत असताना चालणारं साधन विचारून घ्या.